पार्किंगमधली पिल्लं

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी मांजराची तीन पिल्लं खोक्यात टाकून गेलंय, डोळेसुद्धा उघडले नाहीत, मुलांनी वर घरात आणलीत. गाईचं दूध देऊ का? पुढे कुणाला द्यायची?

उत्तर: आणलीत ते फार बरं केलंत. गाईचं दूध अजिबात नको, हगवण लागते आणि एवढासा जीव त्यानंच जातो. व्हेटकडे मांजराच्या पिल्लांची मिल्क पावडर मिळते ती आणा, पण आधी ऊब द्या, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कारण गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. पाजताना पोटावर ठेवा, उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा, घरात पाळ्या लावा. आणि प्रत्येक वेळी कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसा, आई चाटते ना तसं, त्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही. द्यायची घाई नको हं, आठ आठवडे होऊ देत, जंताचं औषध आणि पहिली लस झाली की द्या, जमलं तर दोन एकत्रच, आणि घेणाऱ्यांच्या खिडक्यांना, बाल्कनीला जाळी आहे का ते स्वतः जाऊन बघा, वरच्या मजल्यांवरून मांजरं खरंच पडतात.