सेफ या अनेक सर्व्हरांवर माहिती साठवणाऱ्या प्रणालीत फाइलस्टोअर आणि ब्लूस्टोअर यांच्या वेगाची तुलना कशी करावी? माझ्या चाचणीतला कोणता आकडा खरा मानावा?

आपला प्रश्न मी समजलो तो असा: तीन सर्व्हर, प्रत्येकात मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या चार हार्ड डिस्क, १० गिगाबिटचे नेटवर्क आणि माहितीच्या तीन प्रती. फाइलस्टोअर ही सेफची डिस्कवर माहिती ठेवण्याची जुनी पद्धत (बॅकएंड); तिच्यावरून नव्या ब्लूस्टोअरवर जाण्याआधी आपण चाचणी क्लस्टरवर दोन्ही चालवून पाहिले. ४ केबीच्या रँडम वाचनाचा वेग ब्लूस्टोअरवर सेकंदाला ३०,००० आला, लेखनाचा आकडा मात्र प्रत्येक खेपेस बदलतो आहे, आणि वरिष्ठांना अहवालात एकच आकडा हवा आहे.

यातील ३०,००० हा आकडा आपल्या डिस्कचा असूच शकत नाही. हे सांगण्यासाठी मला आपला क्लस्टर पाहण्याची गरज नाही, कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद जातात, आणि हेड योग्य पट्ट्यावर नेण्यास आणखी साधारण ८. म्हणजे एका रँडम वाचनास १२ मिलिसेकंद आणि एका डिस्कवर सेकंदाला सुमारे ८० वाचने. रांग लांब ठेवली, म्हणजे एका वेळी अनेक विनंत्या सोडल्या, तर डिस्क आपला क्रम सोयीने लावून घेते आणि आकडा काहीसा वाढतो, पण बारा डिस्क मिळून एक ते दोन हजारांच्या आसपासच राहतात. लेखनात प्रत्येक विनंती तीन डिस्कवर उतरते, म्हणून बारा डिस्कचे ८० प्रमाणे ९६०, भागिले ३, म्हणजे सुमारे ३२०. मोठ्या सलग लेखनात डिस्क सेकंदाला २०० एमबी देते असे धरले, तर बारा डिस्कचे २,४०० आणि तीन प्रतींमुळे त्यांचे ८०० एमबी होतात. नेटवर्कची मर्यादा १,२५० एमबीची आहे, म्हणजे इथे आधी डिस्क थकतील. फाइलस्टोअरचे जर्नल (जिथे प्रत्येक लेखन आधी उतरवले जाते) त्याच डिस्कवर असेल तर प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते आणि ८०० चे ४०० होतात.

हा हिशेब चाचणीच्या आधी लिहून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. मोजलेला आकडा हिशेबापेक्षा कमी आला तर कुठेतरी अडथळा आहे; तो शोधता येतो. हिशेबापेक्षा खूप जास्त आला तर माहिती डिस्कपर्यंत पोहोचलेलीच नाही, आणि या दुसऱ्या प्रकाराने माणूस अधिक फसतो, कारण चांगल्या आकड्याची उलटतपासणी कोणी करत नाही. मीही केली नव्हती. काही वर्षांपूर्वी असाच एक देखणा आकडा मी बैठकीत सादर केला आणि नंतर सहज म्हणून डिस्कची हालचाल दाखवणारे आयओस्टॅट उघडून पाहिले, तर चाचणी चालू असताना डिस्क निवांत बसलेल्या होत्या.

कारण साधे होते आणि आपल्याकडेही बहुधा तेच असावे. आरबीडी इमेज, म्हणजे सेफवरची आभासी डिस्क, तयार होते तेव्हा तिच्यासाठी जागा राखली जात नाही. जो भाग लिहिला जातो त्याचेच ऑब्जेक्ट (सेफ माहिती ज्या तुकड्यांत ठेवते ते) अस्तित्वात येतात. न लिहिलेला भाग वाचायला गेलात तर ऑब्जेक्टच नाही असे उत्तर येते आणि क्लायंट शून्ये भरून देतो. ऑब्जेक्ट मॅप, म्हणजे अस्तित्वात असलेल्या ऑब्जेक्टची यादी, चालू असेल तर ओएसडीला (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोग्रामला) विचारलेही जात नाही. तेव्हा वाचनाची चाचणी घेण्यापूर्वी संपूर्ण इमेज एकदा सलग लिहून भरावी, आणि ती शून्यांनी न भरता रँडम माहितीने भरावी, म्हणजे कुठे कॉम्प्रेशन चालू असेल तर तेही आकडा फुगवणार नाही.

इमेज भरल्यानंतर प्रश्न येतो कॅशेचा, म्हणजे मेमरीत राखून ठेवलेल्या माहितीचा, आणि दोन बॅकएंडची तुलना बहुतेक वेळा इथेच अन्यायाची होते. फाइलस्टोअर आपले ऑब्जेक्ट एक्सएफएससारख्या फाइल सिस्टिमवर फाइल म्हणून ठेवत असल्याने त्याची कॅशे लिनक्स कर्नलच्या ताब्यात असते. ब्लूस्टोअर फाइल सिस्टिम वगळून थेट डिस्कवर लिहिते, मेटाडेटा (कोणती माहिती कुठे आहे याच्या नोंदी) रॉक्सडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवते आणि कॅशे ओएसडीच्या स्वतःच्या मेमरीत सांभाळते. आता आपण नेहमीच्या सवयीने दोन चाचण्यांच्या मध्ये कर्नलची पेज कॅशे रिकामी केली, तर फाइलस्टोअरची पाटी कोरी होते आणि ब्लूस्टोअरची भरलेलीच राहते. एका ओएसडीचे मेमरीचे उद्दिष्ट मुळात ४ जीबी असते. बारा ओएसडींचे ४८ जीबी झाले. त्यातील काही हिस्सा मेटाडेटाचा असला, तरी २० जीबीची इमेज दुसऱ्या फेरीत बऱ्याच अंशी मेमरीतून वाचली जाऊ शकते. ओएसडीची कॅशे रिकामी करण्याची वेगळी आज्ञा आहे, ती वापरावी किंवा ओएसडी पुन्हा सुरू करावेत; पण त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे इमेजचा एकूण आकार या मेमरीच्या कित्येक पट ठेवणे.

लेखनाचे आकडे बदलत राहण्याचे कारण वेगळे आहे. हार्ड डिस्कवर लहान लेखन आले (मर्यादा आवृत्तीनुसार ३२ किंवा ६४ केबी) की ब्लूस्टोअर ते आधी रॉक्सडीबीच्या लॉगमध्ये सलग लिहून क्लायंटला पावती देते आणि मूळ जागी नंतर सवडीने नेते. फाइलस्टोअरही जर्नलमध्ये लिहून पावती देतच असे. थोडक्यात, दोघेही उधारीवर वेग दाखवतात, आणि एका मिनिटाची चाचणी उधारी फेडण्याच्या आधीच संपते. अर्धा ते एक तास चालवा, दर सेकंदाचा आकडा नोंदवा, आलेख काढा. सुरुवातीची टेकडी उतरून रेघ जिथे सपाट होते तेथून पुढचेच मोजा. एसएसडी असेल तर हीच गोष्ट आणखी कडक आहे: स्निया या संस्थेच्या चाचणी पद्धतीत मोजणीपूर्वी ड्राइव्हच्या क्षमतेच्या दुप्पट माहिती लिहून घेतात.

राडॉस बेंच या सेफच्या चाचणी साधनाविषयी एक इशारा. ते साधन मुळात ४ एमबीचे नवे ऑब्जेक्ट, एका वेळी १६, असे लिहिते. ब्लूस्टोअरसाठी ही सर्वांत सोयीची परिस्थिती आहे, कारण मोठे लेखन ते मोकळ्या जागेत थेट करते आणि दोनदा लिहिणे टळते. आपल्या क्लस्टरवर आभासी संगणकांच्या डिस्क असतील तर प्रत्यक्षात जुन्याच ऑब्जेक्टमध्ये ४ ते १६ केबीचे तुकडे पुन्हा पुन्हा लिहिले जातात, जो पूर्णपणे वेगळा मार्ग आहे. त्यासाठी एफआयओ हे साधन त्याच्या आरबीडी इंजिनसह वापरावे. राडॉस बेंच मी पायरी म्हणून ठेवतो: आधी सुटी डिस्क, मग नेटवर्क, मग एकेक ओएसडी, मग राडॉस (सेफचा ऑब्जेक्ट साठवणारा थर), आणि शेवटी आरबीडी. वरच्या पायरीचा आकडा, प्रतींचा हिशेब धरून, खालच्या पायरीपेक्षा चांगला आला की तिथेच थांबून चूक शोधावी.

रांगेची लांबीही आकड्यासोबत लिहावी. एका वेळी एकच विनंती सोडली तर बारा डिस्क असोत वा बाराशे, एका वाचनाला १२ मिलिसेकंद लागत असताना सेकंदाला ८० च होणार. डेटाबेसच्या लॉगचे लेखन पुष्कळदा असेच एकेक करून चालते. वापरकर्त्याला क्लस्टर हळू वाटतो तो या आकड्यामुळे, आणि अहवालात नेमका तोच नसतो.

रिकाम्या क्लस्टरवरची तुलना दोन्ही बॅकएंडची म्हातारपणाची दुखणी लपवते. फाइलस्टोअरमध्ये एका डिरेक्टरीतील फाइल ठरावीक संख्येपलीकडे गेल्या की ती फोडली जाते आणि त्या काळात वेग कोसळतो. ब्लूस्टोअरमध्ये मोकळी जागा विखुरते, आणि रॉक्सडीबीसाठी दिलेला जलद ड्राइव्ह अपुरा पडला तर मेटाडेटा संथ डिस्कवर सांडतो. क्लस्टर ६०-७० टक्के भरून मगच मोजावे. स्क्रब, डीप स्क्रब (प्रती जुळतात का याच्या नियमित तपासण्या) आणि पीजींची, म्हणजे ऑब्जेक्टच्या गटांची, संख्या आपोआप बदलणारी यंत्रणा तुलनेपुरती बंद ठेवावी. क्रमही बदलून पाहावा: ब्लूस्टोअर, फाइलस्टोअर, पुन्हा ब्लूस्टोअर. पहिली आणि तिसरी फेरी एकमेकींशी जुळत नसतील तर मधल्या फेरीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

आता वरिष्ठांच्या प्रश्नाकडे वळतो, आणि येथे माझे मत थोडे रोखठोक आहे. दोहोंपैकी कोणता निवडावा हा निर्णय आपल्या हातात उरलेला नाही. ब्लूस्टोअर २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून मुळातली निवड आहे आणि २०२३ च्या रीफ आवृत्तीत फाइलस्टोअर काढूनच टाकले. आपल्या चाचणीने सोडवण्याजोगा खरा प्रश्न हा की रॉक्सडीबी आणि तिच्या लॉगसाठी प्रत्येक सर्व्हरमध्ये एक एनव्हीएमई ड्राइव्ह (जलद एसएसडी) घ्यावा की नाही. त्यासाठी एका आकड्याऐवजी दोन द्यावेत: आपल्या नेहमीच्या भाराइतकाच भार ठेवून लेखनाच्या लेटन्सीचा (लागणाऱ्या वेळेचा) ९९ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली ९९ लेखने ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ, ड्राइव्हशिवाय आणि ड्राइव्हसह. सरासरी देऊ नये. ड्राइव्ह घेताना वीज गेल्यावर माहिती राखणारे कपॅसिटर त्यात आहेत का ते पाहावे. नसतील तर प्रत्येक सिंक लेखनाला, म्हणजे माहिती पक्की उतरल्याची खात्री मागणाऱ्या लेखनाला, तो थांबतो, आणि दुकानातल्या खोक्यावरचे लाखाचे आकडे काही शे ते काही हजारांवर येतात.

हीच चाचणी चालू असताना एक ओएसडी बंद करून ‘आऊट’ करावा, म्हणजे क्लस्टरमधून वगळावा, आणि भरपाईच्या प्रती बनत असताना तोच पर्सेंटाइल पुन्हा नोंदवावा. डिस्क तर कधीतरी जाणारच, आणि त्या दिवशी आपल्याला फोन येणार की नाही हे या तिसऱ्या आकड्यावर ठरेल.