बर्फात वापरायला लाकूड जाळायच्या शेगडीचा हलका तंबू घरी शिवता येईल का?

येईल. कॅनडात बर्फावरून घसरगाडी ओढत भटकणाऱ्यांत सुती कॅनव्हासचे असे तंबू जुनेच. पण ते जड. हलका हवा तर सिलिकॉन चढवलेलं नायलॉन घ्या.

खरी मेख धुराड्यापाशी. तापलेल्या नळीला टेकलं की नायलॉन वितळतंच. म्हणून नळी बाहेर पडते तिथे सिलिकॉनचा लेप असलेल्या फायबरग्लासचं ठिगळ शिवा. ठिगळ ऐसपैस ठेवा, इथे कापड वाचवू नका.

पत्र्याची शेगडी दोन ओल्या ओंडक्यांवर ठेवा, नाहीतर खालचा बर्फ वितळून ती कलते आणि नळीचा सांधा निसटतो. वर आणि खाली हवेला वाट हवीच. आणि कृपा करून, निखारे धुमसत ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. झोपेत काहीच कळत नाही.