पहिल्यांदा श्रीलंकेला सर्फिंगला निघालास तर

डिसेंबरात जातोयस ना, मग दक्षिण किनाराच धर. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडचा हंगाम. पूर्वेच्या अरुगम बेचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर, त्यामुळे तो आत्ता डोक्यातून काढ. कोलंबो फोर्टहून मातराकडे जाणारी रेल्वे समुद्राला खेटून धावते. तिने वेलिगामाला उतर.

निदान पहिले चार दिवस वेलिगामा सोडू नकोस. तळाला वाळू आहे, पडलं तरी फारसं लागत नाही. जवळच्या मिदिगामाला चल म्हणून कुणी आग्रह करेल, पण तिथे खाली प्रवाळाचा खडक आहे. मी दुसऱ्याच दिवशी गेलो, पाय टेकवला आणि टाचेत सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचे काळे काटे मोडले. ते काढण्यात उरलेली संध्याकाळ गेली.

फळी आठ-नऊ फुटी फोमचीच घे. फळीच्या दोरीचा पट्टा मागच्या पायाला बांध. अंगात रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, हवाच, नाहीतर फळीवर घासून पोट सोलवटतं. सकाळी लवकर पाण्यात उतर, वारा पडलेला असतो.

लाटेने फळी मागून उचलली की लगेच उठू नकोस. अजून दोन-तीन हात जोरात मार, मगच उठ, गुडघे वाकवून. नजर किनाऱ्यावर ठेव. पायांकडे पाहिलंस की तोल गेलाच. पडलास तर वर येताना हात डोक्यावर धर.

पाणी आत ओढू लागलं तर त्याच्याशी झगडू नकोस. फळी न सोडता किनाऱ्याला समांतर वल्हव, ओढ संपली की वळ.