रुग्णालयात कोंबड्यांची चौकशी कशासाठी?

बर्ड फ्लूच्या संशयित रुग्णांवर रुग्णालये ठेवत असलेल्या लक्षाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना ताप आणि धाप यांमुळे एका खासगी रुग्णालयात दाखल केले होते. केसपेपर लिहिताना डॉक्टरांनी घरी कोंबड्या आहेत का, मेलेला पक्षी हाताळला का, असे विचारले. आम्ही नुकतेच उरणजवळच्या गावी जाऊन आलो होतो. तसे सांगताच त्यांना वेगळ्या खोलीत हलवले, घशातला नमुना घेतला आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसे घरी चौकशीला आली. तपासणीत नेहमीचाच फ्लू निघाला व त्या बऱ्या होऊन घरी आल्या, पण सोसायटीत कुजबुज थांबत नाही आणि धुणेभांडी करणाऱ्या बाई यायला तयार नाहीत. साथ नसेल तर एवढी धावपळ कशाला? आणि असेल तर लपवतात का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : आपल्या सासूबाईंना बर्ड फ्लू झालेला नव्हता. नमुन्यात नेहमीचा इन्फ्लुएन्झा सापडला तेव्हाच संशय मिटला, आणि तो अहवाल कामाच्या बाईंना दाखवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

धावपळीविषयी थोडे सविस्तर सांगावे लागेल. ताप, खोकला आणि धाप घेऊन दाखल होणाऱ्या रुग्णांची नोंद ठेवण्याचे काम बर्ड फ्लूसाठी म्हणून सुरू झालेले नाही. देशात २००४ पासून चालू असलेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचा तो नित्याचा भाग आहे. आसपासच्या पक्ष्यांत लागण आढळली की त्या नोंदीत पक्ष्यांशी आलेल्या संबंधाच्या प्रश्नावर अधिक भर दिला जातो. आपल्या भागात तो विचारायला पुरेसे कारण घडून गेलेले आहे. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांत विषाणू सापडला, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीत आणि जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातील चिरनेरमध्ये कोंबड्या दगावल्या. अशा वेळी पशुसंवर्धन विभाग साधारण १ किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट करतो आणि १० किलोमीटरपर्यंतच्या टापूवर लक्ष ठेवतो. पण उरणकडचा माणूस आजारी पडला की उपचारासाठी बहुधा वाशी-नेरूळलाच येतो, त्यामुळे टापूबाहेरच्या डॉक्टरांनाही हा प्रश्न विचारावाच लागतो.

पुढे काय होते तेही पाहू. घशातून आणि नाकातून घेतलेला स्वॅब गुलाबी द्रावणाच्या छोट्या कुपीत बुडवून, तिला तिहेरी वेष्टन घालून, बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत जातो. तेथे आधी इन्फ्लुएन्झा ‘ए’ (बर्ड फ्लूचा विषाणूही याच गटातला) आहे का ते पाहतात आणि मग तो दरवर्षी आढळणाऱ्या प्रकारांपैकी, म्हणजे स्वाइन फ्लू म्हणून ओळखला जाणारा एच१एन१ किंवा एच३एन२ यांपैकी आहे का ते तपासतात. बहुतेक नमुन्यांचा निकाल येथेच लागतो. इन्फ्लुएन्झा ‘ए’ तर आहे, पण ओळखीच्या कोणत्याच प्रकारात बसत नाही, असा नमुना निघाला की तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे रवाना होतो. जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये दगावलेल्या हरियाणातील मुलाच्या बाबतीत नेमके असेच घडले. एच५एन१ने, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूने, माणूस दगावल्याची ती देशातील पहिली नोंद ठरली, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या कुटुंबीयांवर व रुग्णालयातील कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवले असता कोणालाही लागण झालेली आढळली नाही.

आणखी एक बाब नातेवाइकांना खटकते, ती म्हणजे एकदा नमुना निर्दोष आला तरी अत्यवस्थ रुग्णाचा दुसरा का घेतात. हा विषाणू माणसाच्या घशापेक्षा फुप्फुसाच्या खोल भागात अधिक सहज रुजतो. म्हणून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्राव तपासल्याशिवाय जाणकार डॉक्टर निश्चिंत होत नाहीत. विषाणूच्या याच सवयीमुळे तो खोकल्या-शिंकल्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहजी जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. तरीही डोळ्यांत तेल घालून बसायचे ते दोन कारणांसाठी. २००३ पासून जगभरात प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले (अर्थात सौम्य आजाराची माणसे तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत, हे धरूनच तो आकडा वाचावा; अमेरिकेत २०२४ मध्ये गाईंच्या गोठ्यांत लागण झालेल्या कामगारांपैकी बहुतेकांना डोळे लाल होणे आणि किरकोळ ताप यापलीकडे त्रास झाला नाही). दुसरे असे की, इन्फ्लुएन्झाचे विषाणू सतत बदलत असतात, आणि माणसांत सहज पसरणारा प्रकार उद्या तयार झालाच तर तो पहिल्यांदा दिसेल तो अशाच एखाद्या रुग्णालयाच्या नोंदवहीत.

त्यामुळे ‘संशयित’ रुग्णांचा आकडा वाढला म्हणून रोग वाढला, असा अर्थ काढता येत नाही. शोध वाढला की तो आकडा वाढतोच. धापेचे रुग्ण येत असूनही ज्या रुग्णालयातून महिनोन्‌महिने एकही नमुना जात नाही, त्याची काळजी मला अधिक वाटते.

लपवण्याविषयी. निदान पक्के होण्यापूर्वी संशयिताचे नाव-गाव जाहीर करणे अयोग्यच आहे, आणि आपल्याच सोसायटीतील कुजबुज त्याचा पुरावा आहे. मात्र ज्या घरातला रुग्ण आहे त्या घरच्यांना वेगळ्या खोलीत हलवण्याचे कारण आणि अहवाल यायला लागणारा वेळ कोणी सांगू नये, हे मला मान्य नाही. दोन वाक्यांचे काम आहे. ती दोन वाक्ये न बोलल्यामुळे व्हॉट्सअॅपवर वीस संदेश फिरतात.

प्रश्न : माझे चिकनचे दुकान आहे. मला ताप, खोकला आहे; डॉक्टरांना धंदा सांगितला तर दुकानाला टाळे लागेल आणि माल मारून टाकतील, अशी भीती वाटते. न सांगता औषध घेतले तर चालेल का?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : चालणार नाही, आणि आपली भीती समजत असूनही हे स्पष्टच सांगतो. कोंबड्या नष्ट करण्याचा निर्णय पक्ष्यांच्या नमुन्यांवरून होतो, ज्यांची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत केली जाते. दुकानदार तापाने फणफणला म्हणून कोणी पिंजरे रिकामे करत नाही. आपल्या नमुन्यात खरोखरच बर्ड फ्लू निघाला तर दुकानातील पक्षी तपासले जातील आणि दुकान काही काळ बंद राहील, हे खरे आहे. पण बहुतेक वेळा साधा फ्लूच निघतो, आणि जे न सांगितल्याने बिघडते ते आपल्याच प्रकृतीचे बिघडते. या आजारावर ऑसेल्टामिविर हे औषध आहे, ते लक्षणे दिसू लागल्यापासून पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते, आणि धंदा माहीत नसलेला डॉक्टर तोवर साध्या खोकल्याचे औषध देत बसलेला असतो.

आपल्या दुकानात सर्वांत जपायची जागा कोणती, तर कापलेली कोंबडी तडफडण्यासाठी टाकतात तो ड्रम आणि पिसे काढण्याचे यंत्र. त्या दोन ठिकाणी रक्ताचे आणि विष्ठेचे बारीक तुषार तोंडापर्यंत उडतात. तेथे उभ्या राहणाऱ्या पोऱ्याला मास्क, चष्मा आणि हातमोजे द्यावेत. मांस विकत नेणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा त्यालाच धोका जास्त आहे. पिंजऱ्यात एकाएकी पाच-सहा पक्षी मेले तर ते कचराकुंडीत टाकू नयेत, पशुसंवर्धन विभागाला कळवावे. पक्षीपालन करणाऱ्या आपल्या पुरवठादारालाही सांगून ठेवावे की, सरकारी भरपाई मिळते ती विभागाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही, म्हणून उशिरा कळवण्यात त्याचेच नुकसान आहे.

प्रश्न : ऐरोलीच्या खाडीकाठी आम्ही रोज फिरायला जातो, हिवाळ्यात तेथे फ्लेमिंगो असतात. जाणे बंद करावे का? इमारतीच्या गच्चीवर कावळा मरून पडला तर काय करावे?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : फिरणे बंद करण्याची गरज नाही, दुरून पक्षी पाहिल्याने लागण होत नाही. मेलेल्या कावळ्याला उघड्या हाताने शिवू नये, मुलांना आणि मांजरांना गच्चीवर जाऊ देऊ नये, आणि १९६२ या पशुसंवर्धन विभागाच्या क्रमांकावर किंवा महापालिकेकडे कळवावे. एखादा कावळा उन्हाने, पतंगाच्या मांज्याने किंवा विजेच्या तारेनेही मरतो. एकाच आवारात दोन-तीन दिवसांत अनेक पक्षी मेलेले दिसले तर मात्र कळवण्यात दिरंगाई नको.

प्रश्न : अंडी-चिकन खावे का? आणि दरवर्षीची फ्लूची लस घेतली तर बर्ड फ्लूपासून बचाव होतो का?
(ठाणे, वाशी आणि पनवेल येथील वाचक)

उत्तर : पूर्ण शिजवलेले खुशाल खावे, आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की विषाणू मरतो, आणि आपला रस्सा त्याच्या कितीतरी पुढे उकळतो. पातळ बलक राहिलेले हाफ फ्राय आसपास लागण असेपर्यंत टाळावे, आणि कच्चे मांस मुलांच्या हाती किंवा तोंडी लागू देऊ नये. आंध्र प्रदेशात २०२५ मध्ये एच५एन१ने दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलीने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ल्याचे चौकशीत पुढे आले होते.

दरवर्षीच्या लशीने बर्ड फ्लू टळत नाही. तरीही कोंबड्यांमध्ये काम करणाऱ्यांनी ती घ्यावी, कारण एकाच माणसात दोन्ही विषाणू एकदम शिरले तर त्यांची सरमिसळ होऊन नवा प्रकार तयार होण्याचा धोका असतो, आणि लस घेतलेल्या माणसात तो कमी होतो.