ताशी पाच हजार भाग कशाला हवेत?

प्रश्न : मॅडम, नाशिकच्या अंबडला माझा छोटा गाळा आहे. शेतीपंपांचे मोबाईल स्टार्टर बनवतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावचे बागायतदार हे मुख्य गिऱ्हाईक. महिन्याला ८०० बोर्ड लागतात. एका बोर्डावर एसएमडीचे (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे) ६० भाग, त्यांत ३१ प्रकार. सगळ्यांत बारीक ०६०३ मापाचे, शिवाय ४८ पायांचा एक मायक्रोकंट्रोलर आणि एक जीएसएम मोड्यूल. आजवर दोन ताई चिमट्याने भाग लावत आल्या, आता भाग आपोआप उचलून बोर्डावर ठेवणारं पिक-अँड-प्लेस मशीन घ्यायचं ठरवलंय. एक डीलर ताशी ५,००० भागांचं मशीन सांगतो, दुसरा ८,००० चं. दुसरं दीड लाखाने महाग आहे. कोणतं घेऊ? — एक वाचक, अंबड

उत्तर : ताशीचे दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि कागद-पेन घ्या. ६० गुणिले ८०० म्हणजे महिन्याला ४८,००० भाग. आमच्या सातपूरच्या गाळ्यात हात बसलेली बाई तासाला अडीचशे भाग लावायची, जेवणानंतर त्याहून कमी. त्या वेगाने हे १९२ तासांचं काम, म्हणजे एका माणसाचा जवळजवळ अख्खा महिना. मशीनने ताशी नुसते १,५०० लावले तरी ते ३२ तासांत उरकतं. चार दिवस मशीन चालेल आणि उरलेला महिना त्यावर कापड घालून ठेवाल. मग ५,००० की ८,००० या वादात दीड लाख कशाला घालायचे?

शिवाय कॅटलॉगातला वेग हा एकच भाग, जवळच्याच फीडरवरून, म्हणजे भागांची पट्टी पुढे सरकवणाऱ्या जागेवरून, उचलून, कॅमेरा न वापरता काढलेला असतो. प्रत्येक भाग कॅमेऱ्यावर दाखवून मग ठेवायचा म्हटलं की तो निम्म्यावर येतो, कधी त्याच्याही खाली.

तुमच्या पत्रातला कामाचा आकडा ३१ हा आहे. मशीनवर एका वेळी किती प्रकारांची रिळं, म्हणजे भागांच्या गुंडाळलेल्या पट्ट्या, चढतात, यावर तुमचं सुख-दुःख ठरणार. चार्महायचं टी३६व्हीए हे छोटं दोन नोझलांचं (भाग हवेने ओढून उचलणाऱ्या टोकांचं) मशीन बरेच जण घेतात, पण त्याला २९ फीडर. त्यांतले काही रुंद पट्टीसाठी राखलेले, म्हणजे ८ मिलिमीटरच्या साध्या पट्ट्यांना जागा आणखी कमी. तुमचे चार-सहा प्रकार बाहेर राहणार, आणि दर बॅचला अर्धा बोर्ड लावून रिळं बदलून उरलेला लावत बसावं लागेल. त्याचाच मोठा भाऊ टी४८व्हीबी ५८ फीडरचा आहे. निओडेन ४ ला चार नोझल आणि ८ मिलिमीटरच्या ४८ पट्ट्यांची सोय आहे. रुंद पट्टी घेतली की दोन-तीन जागा जातात, हे धरूनच मोजा. माझा नियम असा, की आज लागतात त्याच्या दीडपट फीडर हवेत. पुढच्या वर्षी तुम्ही दुसरं मॉडेल काढणारच.

पण मशीन बघायला जाण्याआधी स्वतःच्या बोर्डाची यादी घेऊन बसा. ३१ मधले सहा-सात प्रकार तिथेच गळतील, पैज लावते. ४.७के (किलोओहम) चे पुल-अप रेझिस्टर १०के ने चालतात का बघा, बहुतेक ठिकाणी चालतात. ५के पाहिजे असेल तर १०के चे दोन समांतर टाका. ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर एके ठिकाणी १६ व्होल्टचे आणि दुसरीकडे ५० चे असतील, तर सगळीकडे ५० चेच घ्या. एलईडीचे रेझिस्टर रंगाप्रमाणे तीन किमतींचे ठेवायची हौस असते, एकाच किमतीवर आणा. डिझाइन करणारा मुलगा कुरकुर करेल, करू दे. एक प्रकार कमी झाला की एक फीडर सुटतो, एक रीळ कमी घ्यावं लागतं, आणि चुकीचं रीळ चढवण्याची एक संधी जाते.

रिळांवरून आठवलं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून शे-दोनशेच्या कापलेल्या पट्ट्या आणायची सवय सोडावी लागेल. पट्टी फीडरमध्ये घालून वरचं प्लास्टिक सोलायला धरायचं तर सुरुवातीचे दहा-पंधरा भाग वाया जातात. रेझिस्टरचं काही वाटत नाही, रेग्युलेटर आयसीचं वाटतं. ०६०३ रेझिस्टरचं ५,००० चं अख्खं रीळ तुम्हाला परवडतं आणि पुरतंही.

आता मशीनचं अंग बघा. खालून बघणारा कॅमेरा हवाच. तुमच्या मायक्रोकंट्रोलरच्या दोन पायांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर असणार, तिथे अंदाजाचं काम नाही. बोर्डावरच्या खुणा बघणारा वरचा कॅमेराही हवा. त्यासाठी बोर्डावर १ मिलिमीटरचे तांब्याचे गोल ठिपके, म्हणजे फिड्युशियल, टाकून घ्या आणि भोवतीची जागा हिरव्या मास्कपासून (बोर्डावरच्या हिरव्या लेपापासून) मोकळी ठेवा. चार बोर्ड जोडून एक पॅनेल करा, कडेला ५ मिलिमीटरची पट्टी सोडा. जीएसएम मोड्यूल मात्र मशीनवर लावायच्या भानगडीत पडू नका. ते मोठं आणि जड असतं, छोट्या मशीनच्या कॅमेऱ्यात एका नजरेत मावतही नाही. बोर्ड सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमध्ये जाण्याआधी ते हाताने ठेवा.

स्वस्त मशीनमध्ये पट्टी पुढे ओढायला वेगळी मोटर नसते. डोक्यावरची सुई पट्टीच्या भोकात घुसून ती ओढते. ही पद्धत चालते, पण पट्टी अडकली तर सुई वाकते. सुया, नोझल आणि प्लास्टिक सोलणारे छोटे भाग सुटे मिळतात का, किती दिवसांत, कितीला, हे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी 'मिळतील ना मॅडम' मी पुष्कळ ऐकलंय.

डेमोला डीलरचा बोर्ड बघू नका. तो बोर्ड त्या मशीनला पाठ असतो. तुमचे बोर्ड, तुमची रिळं आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली भागांच्या जागांची एक्स-वाय-कोनांची फाइल घेऊन जा. फाइल घालण्यापासून पुढचं सगळं तुमच्या समोर होऊ द्या. नवीन काम लावायला लागणारा वेळ तिथेच कळतो. मग सलग दहा बोर्ड सोल्डर पेस्टवर लावून घ्या आणि दहाव्यावरचा मायक्रोकंट्रोलर भिंगाखाली बघा.

आणि सगळे पैसे मशीनमध्ये घालू नका. लागलेल्या बोर्डातले बहुतेक दोष पेस्ट नीट न छापल्याचे असतात. चौकटीत ताणलेलं लेझरने कापलेलं स्टेनलेस स्टीलचं स्टेन्सिल (पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा) आणि बोर्ड न हलणारा छापायचा साधा ठोकळा यांवर खर्च करा. पेस्ट फ्रिजमध्ये २ ते १० अंशांत ठेवायची, पण वापरायच्या चार तास आधी बाहेर काढून बंद डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. पावसाळ्यात लगेच झाकण उघडलं तर आत दव धरतं आणि ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात. ओव्हन खणाचा घेणार असाल तर कोपऱ्यात आणि मध्यभागी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून तापमान तपासा, फरक बघून चाट पडाल. शिशाचं ६३-३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. बिनशिशाचं वापरणार असाल तर स्वस्त ओव्हनचा कस तिथे लागतो.

आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी कोरडी असते. आपल्याला ती स्थिर विजेचा ताप देते. मॅट, मनगटपट्टी आणि खरं अर्थिंग हवं, नळाला बांधलेली वायर चालणार नाही. मशीन आणि त्याचा संगणक ऑनलाइन यूपीएसवर घ्या. मधेच लाइट गेली तर मशीन आपली जागा विसरतं. ओव्हन यूपीएसवर घालू नका, तो झेपत नाही.

बिलाचं थोडक्यात. स्वतः मागवायचं तर आयात-निर्यात कोड लागतो. जीएसटीची वजावट मिळते, पण सीमाशुल्काची मिळत नाही, आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर जीएसटीचीही नाही. ही बेरीज केल्यावर इथल्या डीलरचा भाव वाटतो तितका चढा राहत नाही. फोन केल्यावर माणूस येतो, त्याचे चार पैसे मी देते.

त्या दोन ताईंना काढू नका, हे तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. उलटा डायोड त्यांना हातभरावरून दिसतो. रिळं चढवायला आणि बोर्ड तपासायला त्यांच्याहून चांगलं माणूस तुम्हाला मिळणार नाही.

प्रश्न : ताई, पुण्याचा एक कारखाना जुनं यामाहा मशीन काढतोय. भाव नव्या टेबलावरच्या मशीनइतकाच. सोबत १४ फीडर. माझं सिन्नरला शेड आहे. घ्यावं का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : मशीन म्हणून ते टेबलावरच्या कुठल्याही मशीनला ऐकत नाही. पण ते टनाहून जड असतं, म्हणजे तळमजल्याची पक्की जमीन हवी. वीज थ्री-फेज मागतं, आणि त्याचे व्होल्ट आपल्या ४१५ शी जुळत नसतील तर ट्रान्सफॉर्मर. फीडर हवेवर चालणारे असतील तर कॉम्प्रेसर, आणि हवेतलं पाणी काढणारा ड्रायर. १४ फीडरांत तुमचं भागणार नाही, वरचे प्रत्येकी विकत घ्यावे लागतील. त्यांचे भाव आधी काढा, मगच मशीनच्या भावाशी बोला. ताडपत्रीखालचं मशीन घ्यायचं नाही, चालू स्थितीत काम करताना बघायचं. आतला संगणक जुना असतो, म्हणून उचलण्याआधी त्याच्या डिस्कची नक्कल करून घ्या. शेडमध्ये थ्री-फेज आहे आणि हाताशी एखादा खरा फिटर आहे, अशा माणसाने ते जरूर घ्यावं. दोन्हींपैकी एक नसेल तर राहू द्या.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी कॉलेज रोडला राहतो. मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर बनवतो, महिन्याला २५-३० बोर्ड. छोटं मशीन घेतलं तर चालेल? — दोन वाचक

उत्तर : नको. तीस बोर्डांसाठी फीडर भरण्यातच तुमचा दिवस जाईल. स्टेन्सिल, चांगला चिमटा, हवेने भाग उचलणारं पेन आणि तापणारी प्लेट एवढ्यावर तुमचं काम संध्याकाळपर्यंत आटोपतं. मशीन बांधण्याचीच आवड असेल तर लुमेनपीएनपी या मशीनचे सगळे आराखडे खुले आहेत, आणि ते ज्यावर चालतं ते ओपनपीएनपी सॉफ्टवेअर फुकट आहे. मात्र तो खर्च शिक्षणाच्या खात्यात टाका, धंद्याच्या नको. बोर्ड दोनशेवर गेले की सातपूर-अंबडला जॉबवर्क करणाऱ्यांकडे जा. ते भागांमागे पैसे घेतात आणि सेटअपचे वेगळे लावतात. सेटअप दर वेळी लावणार की एकदाच, हे पहिल्या भेटीतच विचारा.