‘मॅडम, तो माणसांत बसत नाही, सापाजवळ बसतो’

‘ह्याचं मन मेलंय का हो?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलाय की आई-वडील खुर्चीत टेकायच्या आत मी विचारते, ‘घरात काय आणलंय?’ कुणाकडे इग्वाना हा मोठा सरडा असतो, कुणाकडे शुगर ग्लायडर हा झाडावरून तरंगत झेपावणारा चिमुकला प्राणी, कुणाकडे टॅरँट्युला हा मोठा कोळी. कुत्रा पाळला तर मुलगा प्रेमळ आणि साप पाळला तर त्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, असा आपला ठरलेला हिशेब. पुढची हकिगत गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका घराची आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकमेकांत मिसळले आहेत.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. वडील बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घरी आई आणि आजी. मुलाच्या खोलीत काचेच्या टाकीत बॉल पायथन, मादी. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटेखानी अजगर बिनविषारी असतो. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, नाव त्यावरूनच पडलं. आईची तक्रार अशी: मुलगा ताट खोलीत नेतो, अर्धं परत येतं, बोलायला गेलं की दार लावून घेतो. आजी तिन्हीसांजेनंतर सापाचं नावही घेत नाही, ‘जनावर’ म्हणते. त्यात ऐन श्रावणात फ्रीजरमध्ये बर्फातला उंदीर सापडला. तिकडे सापानंही सात आठवडे तोंड उघडलेलं नाही.

आधी मी मुलाशी एकट्याशी बोलले. झोप, वजन, कॉलेजची हजेरी, मित्र, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे सगळं विचारून झाल्याशिवाय मी प्राण्याच्या विषयात शिरत नाही. यात कुठे खूण सापडली तर आधी डॉक्टर, गप्पा नंतर. इथे तसं काही नव्हतं. दुपारी कँटीनमध्ये तो व्यवस्थित खात होता. घरीच जेवण उतरत नव्हतं.

गोव्यात चवथीला गणपतीवर फळं-भाज्या बांधलेली लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. मी कुटुंबाकडे माटोळी म्हणून बघते. एक नारळ काढला की अख्खी चौकट कलते; कललेल्या टोकाला दोष देऊन उपयोग नसतो. म्हणून मुलाला एकट्याला ‘सुधारायला’ घेतलं नाही. तिसऱ्या भेटीला त्याला सांगितलं, सापाची वही घेऊन ये आणि आईसमोर वाच. अशी वही असणार हे मी गृहीत धरलं होतं. हे प्राणी मनापासून पाळणारी मुलं नोंदी ठेवतातच.

वही होती. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केलेलं वजन. (‘माझा काटा?’ आई ओरडली. हो, तोच काटा.) सात आठवड्यांपूर्वी ४१२ ग्रॅम, आता ४०५.

‘सात आठवडे उपाशी, आणि तू शांत?’ आई म्हणाली.

‘वजन धरून आहे ना, आई. उपाशी असती तर उतरलं असतं. ती बिचकलीय. मी पहिले पंधरा दिवस रोज उंदीर तिच्या नाकापुढे धरला, तिथेच चुकलं. रोज धरलं की ती आणखी आत जाते.’

‘मग करायचं काय?’

‘समोर ठेवायचं, दिवा घालवायचा, बाहेर यायचं. खाल्लं तर खाल्लं. नाहीतर सकाळी मुकाट्यानं उचलायचं.’

आई बराच वेळ वहीकडे बघत राहिली. अशा वेळी बोलायचा मोह होतो. समुपदेशकाला तर फारच होतो, आपल्याला अर्थ कळला हे दाखवायचं असतं. मी गप्प राहिले. हे मला आता बऱ्यापैकी जमतं. मग आईनं विचारलं, ‘किती दिवस थांबायचं असतं?’

ती कुणाबद्दल विचारत होती, ते तिघांनाही नक्की सांगता आलं नसतं.

‘दहा-बारा दिवस,’ तो म्हणाला. ‘मधे विचारायचं नाही.’

त्या आठवड्यापासून आईनं ‘जेवलास? किती जेवलास?’ हा दिवसातून चार वेळचा प्रश्न बंद केला. ताट वाढून ठेवायचं, एवढंच. नवव्या दिवशी तो आपण होऊन स्वयंपाकघरात येऊन जेवला. मला तेव्हा लख्ख दिसलं की काळजी कशी करायची हे ह्या मुलाला आईइतकंच कळत होतं. फक्त पाठ फिरवून थांबण्याचा भाग तो सापाकडून शिकला होता आणि घरात तो कुणी ऐकून घेतला नव्हता. माणूस साप नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. मूल सगळीकडेच जेवण टाळत असेल, बारीक होत असेल, तर वाट पाहू नका.

आता सापाचं. तो का खात नव्हता, तेही आम्ही तिघांनी मिळून शोधलं, कारण आईला कामात घ्यायचं होतं. टाकी खिडकीपाशी, चारी बाजूंनी उघडी काच, लपायला एकच खोका. मित्र आले की साप हातोहात फिरायचा. टाकीला ऊब देणाऱ्या हीट मॅटला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नाही, आणि पावसाळ्यात रात्री वीज गेली की टाकी गार. बॉल पायथनला उबेच्या टोकाला ३१ ते ३२ अंश आणि गार टोकाला २६ च्या आसपास लागतं. दोन्ही टोकांना अंग चिकटून बसेल असा घट्ट खोका हवा, म्हणजे ऊब की आडोसा अशी निवड त्याला करावी लागत नाही. आर्द्रता ६० टक्क्यांच्या जवळपास पुरते. पुस्तकं टाकीत पाणी शिंपडायला सांगतात, ते कोरड्या हवेसाठी. गोव्याच्या आषाढात बाहेरच ती ९० टक्के असते, तिथे शिंपडलं तर पोटाखालचे खवले सडतात. आपल्याकडे हवा खेळती ठेवायची, पाण्याचं भांडं लहान आणि गार टोकाला, ओला भुसा त्याच दिवशी बदलायचा. तीन बाजूंना काळा कागद लावा, फायदा लगेच दिसतो.

उंदीर जिवंत सोडू नये. न खाणाऱ्या सापाला तोच कुरतडतो. मेलेला, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा, म्हणजे ह्या सापाला साधारण ४० ग्रॅमचा. रात्रभर फ्रीजमध्ये बंद पिशवीत वितळवायचा, मग गरम पाण्यात पिशवी बुडवून कोमट करायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, तो आतून शिजतो आणि फुटतो. खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर उलटी. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, श्वासाला शिटी आली किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेला पशुवैद्य गाठायचा. आणि हात धुवायचे, साबणानं, वीस सेकंद, स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नव्हे. अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असतो आणि घरात आजी आहे.

श्रावणाचा प्रश्न मी सोडवला नाही, आजीनं सोडवला: जुना छोटा फ्रीज मागच्या पडवीत. काटाही वेगळा आणला.

सापाच्या कागदपत्रांचं विचारलं तेव्हा विक्रेत्याची पावती निघाली, बाकी काही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जाती तिनं चौथ्या अनुसूचीत घेतल्या आणि बॉल पायथन त्यात येतो. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो, नवा घेतला तर ३० दिवसांत. राहून गेलं असेल तर वनखात्याच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारा. लपवून ठेवलेलं प्रकरण मुलाच्या डोक्यावर बसतं. कंटाळा आला म्हणून रानात सोडणं तर नकोच, मग तो साप असो की तळ्यात टाकलेलं लाल कानांचं कासव. गंमत म्हणजे हे सगळं ऐकून घेणाऱ्या आजीच्या ओसरीवर पिंजऱ्यात पोपट होता. आपला रानातला पोपट घरी ठेवायला कायद्यात जागाच नाही. आफ्रिकेतल्या सापाची नोंद होऊ शकते, आजीच्या पोपटाची नाही. त्यालाही पिंजरा उघडून उडवू नका. माणसाळलेला पक्षी बाहेर तगत नाही, वनखात्याकडेच द्या.

शेवटच्या भेटीत एक कागद लिहिला. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो आणि मुलगा वर्षभरात कॉलेजसाठी बाहेर जाणार. आईनं लिहिलं, ‘वजन करीन, पाणी बदलीन. उंदीर धरणार नाही.’ उंदरासाठी त्याचा मित्र महिन्यातून दोनदा येईल. वडिलांची सही व्हॉट्सअ‍ॅपवर आली. खाली आजीनं एक अट घालून घेतली: रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही.