ग्राफ थिअरीतला ‘आलेख’ कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ग्राफ थिअरीची (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या गणिताची) टिपणं मराठीत काढतोय. ग्राफला आलेख लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ग्राफपेपर आणि क्ष-य अक्ष येतात. त्यापेक्षा जाळं म्हणावं का? आणि कॉम्बिनेटोरिक्सला (मांडण्या-रचनांच्या गणिताला) काय म्हणू?’

आलेखच ठेवा, असं माझं मत. तुमची अडचण खरी आहे, पण ती शब्दाची नाही, सवयीची आहे. ‘महागाईचा चढता आलेख’ वाचून वाचून आपण आलेखाला वर-खाली जाणारी रेघ करून टाकलंय. मुळात ‘लिख्’ म्हणजे ओरखडणं, रेघ ओढणं. लिहिणं हा त्याचा पुढचा अर्थ. संस्कृतात ‘आलेख्य’ म्हणजे चित्र, आणि चौसष्ट कलांच्या यादीत ते गीत-वाद्य-नृत्याच्या पाठोपाठ येतं. ग्रीकमधल्या ज्या धातूवरून ग्राफ आला, त्याचेही अर्थ हेच: ओरखडणं, रेखाटणं, लिहिणं.

गंमत पुढेच आहे. इंग्रजीत ग्राफ हे नाम गणितात आलं ते ग्राफपेपरवरच्या रेघेसाठी नव्हे. १८७८ साली सिल्व्हेस्टर या गणितज्ञाने ते वापरलं, रसायनवाल्यांच्या रेणूंच्या चित्रांवरून: अणूंच्या जागी अक्षरं आणि बंधांच्या जागी रेघा. वक्ररेषेचा अर्थ त्यानंतर रुळला. म्हणजे तुम्हाला जो अर्थ उपरा वाटतोय, तोच आधीचा. ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातल्या ७ पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फेरफटका मारता येईल का?) सोडवलं ते १७३६ सालचं. तेव्हा त्याच्याकडे हा शब्दही नव्हता.

टिपणांत पहिल्याच पानावर ठिपक्यांची रांगोळी काढा, ग्राफपेपर आपोआप मागे पडेल. ठिपके म्हणजे शिरोबिंदू, जोडणाऱ्या रेघा म्हणजे कडा. फरक एकच, पण मोठा. रांगोळीत ठिपका बोटभर सरकला तर सगळं फिसकटतं. इथे कुठलाही ठिपका कुठेही न्या, रेघ वाकडी ओढा. कोण कुणाला जोडलंय हे बदललं नाही, तर आलेख तोच.

‘जाळं’ मला पटत नाही, कारण जाळ्यात सगळं एकमेकांत गुंतलेलं असावं लागतं. ५ ठिपके काढून एकही रेघ ओढली नाही, तरी तो आलेख आहे. आणि ज्याला वृक्ष म्हणतात त्या आलेखात एकही बंद फेरा नसतो. वंशावळीला जाळं कोण म्हणेल? जाळं हा शब्द नेटवर्कसाठी राखून ठेवा, तिथे तो शोभतो.

कडांबद्दल एक सावधगिरी. घनाला ८ शिरोबिंदू आणि १२ कडा हे शाळेतलंच, त्यामुळे शब्द ओळखीचा आहे. पण एकवचन ‘ती कड’. ‘दोन शिरोबिंदूंना जोडणारा कडा’ असं लिहिलेलं मी वाचलंय आणि थेट कोकणकड्यावर जाऊन उभा राहिलोय. तसंच ‘डिग्री’चं, म्हणजे एका शिरोबिंदूला किती कडा जोडल्यात त्या संख्येचं. बहुपदीची कोटी म्हणतो म्हणून शिरोबिंदूचीही कोटी म्हणता येईल. पण ‘कोटी ३’ वाचताना मन ‘३ कोटी’कडे धावतं. मी सरळ ‘या ठिपक्याला ३ कडा’ लिहितो. पेन न उचलता काढायचं ते चौकोनी घर घ्या: आत फुली, वर छप्पर. खालच्या दोन ठिपक्यांना ३-३ कडा, मधल्या दोघांना ४-४, टोकाला २. वाटेतल्या ठिपक्याला येण्याची एक आणि निघण्याची एक अशा जोडीनेच कडा लागतात, विषम कडा चालतात त्या फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठिपक्याला. इथे विषम कडांचे ठिपके दोनच, म्हणून खालच्या एका कोपऱ्यातून निघालं की दुसऱ्यात चित्र पुरं होतं. कोनिग्सबर्गच्या चार भूभागांना ५, ३, ३, ३ पूल होते. चारही विषम, म्हणून तो फेरफटका जमेना.

कॉम्बिनेटोरिक्सबद्दल: परम्युटेशन-कॉम्बिनेशनसाठी क्रमचय-समचय किंवा क्रमपर्याय-संयोग यांपैकी कुठलीही जोडी घ्या, फक्त मधेच बदलू नका. पण भास्कराचार्यांचा शब्द मला फार आवडतो: अंकपाश. ११५०च्या ‘लीलावती’त या प्रकरणात विचारलंय की शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं आपसात बदलली तर मूर्ती किती? ३६,२८,८००. (त्या यादीतलं पहिलं आयुध पाशच आहे.) आणि हरीच्या चार हातांतली गदा, चक्र, कमळ, शंख बदलली तर? २४. संध्येतल्या केशव-नारायणापासूनच्या चोवीस नावांचा आकडा हाच. तरीही आजच्या सबंध विषयाला अंकपाश म्हणू नये, तो रचना मोजण्यापुरताच आहे. विषयाचं नाव कॉम्बिनेटोरिक्सच राहू द्या.

आलेख शब्द कानाला बसतो का, हे तपासायचं असेल तर ‘श्रीखंडे आलेख’ म्हणून पाहा. मुंबई विद्यापीठात शिकवलेल्या शरदचंद्र श्रीखंड्यांचा हा आलेख १९५९ सालचा. १६ शिरोबिंदू, प्रत्येकाला ६ कडा. एकूण कडा मात्र ९६ नाहीत, ४८. कारण प्रत्येक कड दोन्ही टोकांकडून एकेकदा मोजली जाते.